विकिपीडियावरून तारीख उचलण्याआधी

१२ जानेवारी जवळ आली की सोलापुरात, इंग्रजांनी या दिवशी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांवर फलक आणि भाषणं लिहिली जातात, आणि मजकूर सरळ विकिपीडियावरून उचलला जातो. तिथं चूक असली तर तीच चौकात लागते.

१. वाक्यापुढच्या कंसातल्या बारीक आकड्यावर टिचकी मारा आणि संदर्भ उघडून वाचा. 'फाशी १२ जानेवारी १९३१, येरवडा' असं त्यात खरंच लिहिलंय का? कधीकधी आकडा दिमाखात असतो, पण दुव्यात ते वाक्यच नसतं.

२. आकडा नाही किंवा 'संदर्भ हवा' लिहिलंय? वाक्य सोडून द्या.

३. वर 'इतिहास पहा' दाबा. कालपरवा कुणी तारीख बदलली असेल तर आधीची आवृत्ती ताडून बघा. सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी अंमल) १९३०चा, फाशी १९३१ची. ही वर्षं सहज अदलाबदल होतात.

सांभाळा: संदर्भ बातमीचा असेल तर तिची तारीख बघा. लेखातलं वाक्य जुनं आणि बातमी नवी असेल, तर बातमीनंच ते विकिपीडियावरून घेतलेलं असू शकतं. मग वाचनालयात जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) मागा.