मातीच्या शिल्पाचा आतला सांगाडा बांधताना

मातीचे शिल्प आतल्या सांगाड्याच्या, म्हणजे आर्मेचरच्या, बळावर उभे राहते. म्हणून तार कापण्यापूर्वी शिल्पाच्या प्रत्यक्ष मापाची समोरून आणि बाजूने अशी दोन रेखाटने काढावीत आणि तार त्यांच्यावर ठेवूनच वाकवावी. खांदे, कंबर आणि गुडघे यांच्या जागा इथे चुकल्या, तर ती चूक नंतर कितीही माती चढवली तरी झाकली जात नाही.

सुमारे ३० सेंटीमीटर उंचीच्या आकृतीसाठी ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्यावी, कारण ती हाताने वाकते, लोखंडासारखी गंजत नाही आणि पिळाच्या खाचांत माती चांगली धरून राहते. आकृतीचा सगळा भार पायांवर टाकू नये. फळीवर पक्क्या बसवलेल्या पाइपाचा आधार पाठीमागून कमरेला द्यावा.

धड किंवा डोके यांसारख्या जड भागांत ओली माती स्वतःच्या वजनाने खाली सरकते. तिथे लाकडाच्या दोन छोट्या पट्ट्या फुलीसारख्या बांधून त्या सांगाड्यावरून तारेने लोंबत्या सोडाव्यात. हा उपाय दिसायला किरकोळ वाटतो, परंतु माझ्या मते सर्वांत मोलाचा हाच आहे.

शिल्प भट्टीत भाजायचे असेल, तर मात्र सांगाडा आत ठेवू नये. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, आणि त्या ताणाने शिल्पाला तडे जातात. कायमचा सांगाडा साचा काढायच्या शिल्पासाठी किंवा न वाळणाऱ्या तेलमिश्रित मातीसाठीच योग्य ठरतो.