.४५-७० घरी भरायचंय? आधी रायफल ओळखा

‘पंचेचाळीस-सत्तरच्या काडतुसात बंदुकीची दारू किती घालू?’ असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: रायफल कुठली? उत्तर ‘जुनीच आहे’ असं आलं, तर पुढचं बोलणं तिथंच थांबतं.

हा लेख अमेरिकेत राहून कायदेशीरपणे रीलोडिंग (वापरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत पुन्हा दारू आणि गोळी भरणं) करणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे फक्त माहितीसाठी वाचावं.

.४५-७० गव्हर्न्मेंट हे काडतूस अमेरिकी लष्करानं १८७३मध्ये घेतलं. कृती नावातच आहे: पॉइंट ४५ कॅलिबर (इंचातली जाडी) आणि ७० ग्रेन (वजनाचं छोटं माप) काळी दारू. त्यावर ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. आज तेच काडतूस त्या काळच्या स्प्रिंगफील्ड ‘ट्रॅपडोअर’ या लष्करी रायफलीतही बसतं आणि आधुनिक, दणकट रुगर नंबर वन रायफलीतही. पण बसतं म्हणजे चालतं असं नाही.

म्हणून पहिलं काम रायफलीचं. चांगली रीलोडिंग मॅन्युअलं या एकाच काडतुसात किती दारू घालायची याचे तीन वेगळे तक्ते देतात: ट्रॅपडोअर आणि तशा जुन्या रायफली, मग आधुनिक (खालच्या दांड्यानं काडतूस चढवायच्या) लिव्हर अ‍ॅक्शन, शेवटी रुगर नंबर वनसारख्या. अमेरिकेतल्या ‘सामी’ या मानक संस्थेची दाबाची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. लिव्हर अ‍ॅक्शनचा तक्ता साधारण ४०,०००पर्यंत जातो, तिसरा त्याच्याही वर. ट्रॅपडोअरसाठी काही मॅन्युअलं २८,०००च्या बरीच खाली थांबतात, आणि मला तेच पटतं.

इथं नावं फसवतात. तक्त्यात ‘मार्लिन १८९५’ लिहिलेलं असतं ते १९७२नंतरच्या मॉडेलला धरून. खरोखर १८९५च्या सुमारास बनलेली मार्लिनही .४५-७०मध्ये मिळते, पण तिचं पोलाद त्या काळचं. विंचेस्टर १८८६चंही तसंच: मूळची वेगळी, जपानमध्ये बनलेली नवी वेगळी. नळीवरच्या नावावर जाऊ नका, सिरियल नंबरवरून साल काढा. शंका राहिली तर पहिला, म्हणजे सर्वांत सौम्य तक्ता. आणि पहिल्या बारापूर्वी जाणत्या गनस्मिथकडून तपासणी.

मग नळी मोजून घ्या. नव्या रायफलीत गोळी .४५८ इंचाची धरतात, पण जुन्या ट्रॅपडोअरची नळी बऱ्याचदा त्याहून मोठी निघते. रिकाम्या रायफलीतून मऊ शिशाचा तुकडा हळूहळू ठोकत पलीकडे काढायचा आणि मायक्रोमीटरनं मोजायचा.

आता डेटा. तो दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचा हवा, चालू आवृत्तीतला हवा, आणि शक्यतो दोन ठिकाणी ताडून पाहिलेला. जुन्या पुस्तकांत दाब सीयूपीमध्ये (तांब्याचा तुकडा किती चेपला जातो त्यावरून मोजलेला) असतो, नव्यांत पीएसआयमध्ये. मोजण्याच्या पद्धतीच वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाचा आकडा गुणून-भागून दुसऱ्यात नेता येत नाही. दारूचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आयएमआर ४१९८ आणि एच ४१९८ या दोन निराळ्या दारू आहेत. एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. गोळीचं वजन आणि प्रकार, पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), काडतुसाची एकूण लांबी हेही तक्त्याप्रमाणेच. गोळी बदलली की तक्ता नव्यानं शोधा.

काळ्या दारूचं ७० ग्रेनचं माप आजच्या, कितीतरी जास्त जोरदार बिनधुराच्या दारूला लावणं म्हणजे सरळ आत्मघात. मापाचा दुसरा घोळ आपल्याकडच्या लोकांचा: ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. तराजू ग्रेनवर आहे ना, हे दर वेळी पाहा.

सुरुवात तक्त्यातल्या किमान आकड्यापासून. पण त्याच्याही खाली मनानं उतरू नका, तेही सुरक्षित नसतं. पुढं थोडंथोडं वाढवताना ‘प्रायमर चपटा झाला की थांबू’ हा हिशोब ट्रॅपडोअरला लागू नाही. प्रायमर चपटा दिसेपर्यंत दाब तिच्या सोसण्यापलीकडं गेलेला असतो. तक्त्याचा कमाल आकडा हीच भिंत समजा. खरं तर जुन्या रायफलीत तिथवरही जायची गरज पडत नाही.

ही पुंगळी मोठी, त्यामुळे काही प्रकारची दारू तिच्या तळाशीच राहते आणि चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. भरलेल्या पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी, टॉर्च मारून एकेक बघा. लिव्हर अ‍ॅक्शनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागं एक बसतात. पुढच्याच्या प्रायमरला मागच्याचं टोक टेकतं, म्हणून गोळी चपट्या नाकाची घ्या.