स्लाइस घालवायला ‘ड्रॉ’ ड्रायव्हर घेताय? आधी या चुका टाळा

टी-शॉट, म्हणजे टीवर (छोट्या खुंटीवर) चेंडू ठेवून पहिला फटका, मारला की चेंडू उजवीकडे वळत थेट झाडीत. हाच स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी गोल्फरांची ही नेहमीची तक्रार. त्यावर दुकानातला ठरलेला उपाय म्हणजे ‘ड्रॉ बायस’ ड्रायव्हर, म्हणजे चेंडूला डावीकडे हलकं वळण (ड्रॉ) मिळावं असा बनवलेला लांब फटक्याचा क्लब. त्याच्या हेडमधलं वजन हीलकडे (शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, जवळच्या बाजूकडे) सरकवलेलं असतं, काहींत फेस (चेंडूला लागणारी बाजू) किंचित बंद, म्हणजे डावीकडे वळलेला असतो, तर काहींत हॉझल (शाफ्ट आणि हेडचा सांधा) ऑफसेट असतो, म्हणजे फेस शाफ्टच्या थोडा मागे. इम्पॅक्टच्या वेळी फेस लवकर बंद व्हावा आणि चेंडू डावीकडे झुकावा, हा सगळा खटाटोप त्यासाठी. उपाय खरा आहे, पण प्रत्येक वाकड्या ड्राइव्हवर तो चालत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चेंडू शेवटी कुठे पडला एवढंच बघणं. बघायचं ते तो सुटला कुठे. चेंडू सुटताना बहुतांशी फेस जिकडे बघत असतो तिकडे जातो. नंतर हवेत वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे. त्यामुळे उजवीकडेच सुटून आणखी उजवीकडे वळणाऱ्या चेंडूला ड्रॉ ड्रायव्हरचा सर्वांत जास्त फायदा होतो. डावीकडे सुटून मग उजवीकडे वळत असेल, तर स्विंग बाहेरून आत येतोय, म्हणजे क्लब चेंडूच्या पलीकडून तुमच्याकडे कापत येतोय. इथे नवा क्लब वळण कमी करेल, पण वाट तीच राहील आणि चेंडू डावीकडच्या रफमध्ये (लांब गवतात) जायला लागेल. डावीकडे सुटून सरळ डावीकडेच जाणारा चेंडू म्हणजे पुल. त्याच्यावर ड्रॉ ड्रायव्हर म्हणजे दुखणं वाढवणं. सिम्युलेटरवर मारून बघणार असाल तर अंतराच्या आकड्यावर खूश न होता ‘क्लब पाथ’ (स्विंगची वाट) आणि ‘फेस टू पाथ’ (त्या वाटेच्या तुलनेत फेसची दिशा) हे दोन आकडे मागून घ्या.

दुसरी चूक फेसवर चेंडू कुठे लागतो हे न तपासण्याची. तपासायला फक्त व्हाइटबोर्डचा मार्कर लागतो. चेंडूच्या मागच्या बाजूला ठसठशीत ठिपका काढा, तो फेसच्या समोर येईल असा चेंडू टीवर ठेवा आणि मारा. शाई फेसवर उमटते. बोटाने पुसा, पुन्हा मारा. आठ-दहा चेंडूंत चित्र स्पष्ट होतं. ठिपके हीलकडे गोळा होत असतील तर तुमच्या स्लाइसचा बराचसा भाग तिथेच आहे, कारण ड्रायव्हरच्या फुगीर फेसवर हीलला लागलेला चेंडू गिअर इफेक्टमुळे (कडेला लागल्याने हेड वळतं आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते) उजवीकडे फिरतो आणि टोच्या बाजूला, म्हणजे हेडच्या दूरच्या टोकाला, लागलेला डावीकडे. अशा वेळी पैसे खर्च करण्याआधी ग्रिप इंचभर खाली धरून बघा. दुकानातले ड्रायव्हर बहुतेक साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात, आणि ती लांबी अनेकांना झेपत नाही. चेंडूपासून उभं राहण्याचं अंतरही तपासा. आपल्याकडच्या अनेक सरावाच्या रेंजवर मॅटमध्ये ठरलेल्या उंचीची रबरी टी असते, म्हणून हीच चाचणी एकदा गवतावर, स्वतःच्या टीवरही करा.

तिसरी गोष्ट लॉफ्टची, म्हणजे फेस वरच्या दिशेने किती कललेला आहे त्याची, आणि इथे मानापमान आडवा येतो. ‘९ डिग्री’ लिहिलेला क्लब बॅगेत दिसायला रुबाबदार, पण कमी लॉफ्टमुळे बॅकस्पिन (चेंडूची मागच्या दिशेची फिरकी) कमी मिळतो आणि फेसची तेवढीच चूक चेंडूला जास्त वळवते. स्लाइस असणाऱ्याने साडेदहा किंवा बारा घ्यावं. लोक ड्रॉ ड्रायव्हर घेतात आणि लांब जावा म्हणून स्लीव्ह (शाफ्ट आणि हेडमधला फिरवता येणारा जोड) फिरवून लॉफ्ट कमी करतात, हे तर वरताण! बहुतेक क्लबांत लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो, वाढवला की बंद होतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच पान्याने काढून टाकलं. सरकती वजनंही तपासा. सेकंडहँड क्लबात ती पुष्कळदा टोच्या बाजूला राहिलेली असतात.

ही जुळवाजुळव रेंजवरच उरकायची. राउंड चालू असताना सेटिंग मुद्दाम बदलून त्या क्लबने शॉट मारला तर गोल्फच्या नियम ४.१ नुसार थेट डिसक्वालिफिकेशन.

चेंडू उजवीकडे जातो म्हणून आणखी डावीकडे नेम धरणं ही सवय नव्या क्लबसोबतही टिकते. खांदे डावीकडे उघडले की स्विंग आणखी बाहेरून येतो आणि वळण वाढतं. नवा क्लब आला की आधी अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणारी काठी) जमिनीवर ठेवून पाय आणि खांदे सरळ करून घ्या.

बिजागरीचे सरावाचे क्लब मिळतात, स्विंग वाटेवरून सुटला की शाफ्ट मधेच मोडल्यासारखा दुमडतो. टेम्पो आणि वाट सुधारायला ते चांगले. पण पूर्ण जोर लावू नका, आणि स्पर्धेत असा क्लब बाहेर काढून नुसता प्रॅक्टिस स्विंगही घेऊ नका, नियम ४.३ नुसार त्यालाही दंड आहे.

ऑफसेट आणि अॅडजस्टेबल (स्लीव्ह आणि वजनं बदलता येणारा) यांत निवड करायची असेल तर मी अॅडजस्टेबल सुचवेन. शिकवणी सुरू असेल तर काही महिन्यांत ग्रिप आणि वाट सुधारते, आणि तोच ड्रायव्हर हुक (डावीकडे जोरात वळणारा चेंडू) मारू लागतो. स्लीव्ह न्यूट्रलला आणता येते, वजन मधे सरकवता येतं. हॉझलचा ऑफसेट मात्र काढता येत नाही, क्लबच बदलावा लागतो.