शिडाच्या बोटीवर डाळिंबाचे पंच: सोलापूरकरांसाठी पूर्वतयारी

शिडाच्या बोटीवर कॉकटेलची मेजवानी द्यायची असेल, तर पेय, म्हणजे इथे रम आणि फळांचे रस मिसळून केलेले ‘पंच’, किनाऱ्यावर तयार करावे आणि बोटीवर फक्त ओतावे. शिडात वारा भरला की बोट एका अंगाला कलते, आणि अशा वेळी लिंबे चिरणे किंवा रम मोजणे धोक्याचे ठरते. सोलापूरहून गेटवे ऑफ इंडियाला जाऊन बोट भाड्याने घेणाऱ्या आठ जणांना मी हीच पद्धत सुचवीन. पावसाळा टाळावा, मद्य चालते का आणि नांगर टाकून थांबता येते का, हे बोट ठरवतानाच विचारून घ्यावे.

खरे काम सोलापुरातच आहे. उष्ण कटिबंधातील अनेक कॉकटेलना लाल रंग देणारा ग्रेनेडिन हा मुळात डाळिंबाचा पाक असतो, आणि त्याचे नावही डाळिंबासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आले आहे. बाजारातील बाटलीत पुष्कळदा रंग आणि साखर एवढेच असते. आपल्याकडे तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले सोलापूरचे डाळिंब आहे, मग ती बाटली घेण्याचे कारणच उरत नाही. दाणे मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवावेत, कारण बिया भरडल्या गेल्या की रस कडवट होतो. गाळलेल्या पाव लिटर रसात पाव किलो साखर घालून ती मंद आचेवर विरघळू द्यावी, मात्र उकळी फुटू देऊ नये, नाहीतर ताज्या फळाचा स्वाद जातो. सुमारे ४०० मिलि पाक मिळतो. तो गार करून स्टीलच्या बाटलीत भरावा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोबत न्यावा.

कॅरिबियन बेटांवरील प्लँटर्स पंचचे जुने प्रमाण एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक आणि चार भाग सौम्य असे सांगितले जाते. त्यानुसार सकाळी मुंबईत २०० मिलि ताजा लिंबाचा रस, ४०० मिलि पाक, ६०० मिलि रम आणि ८०० मिलि सौम्य भाग एकत्र करावा. सौम्य भागात अननसाचा रस व पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. या दोन लिटरमध्ये प्रत्येकाला १२५ मिलिचे दोन पेले मिळतात, आणि माझ्या मते समुद्रावर तेवढेच पुरे. महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि रमसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे पाहुण्यांना आधीच कळवावे. जे मद्य घेत नाहीत त्यांच्यासाठी रमऐवजी तेवढेच नारळपाणी घालून वेगळा कॅन भरावा. बोट चालवणाऱ्या तांडेलाला याच कॅनमधले पेय द्यावे, आग्रहानेही दुसरे देऊ नये.

बर्फाचा चुरा न घेता लादीचा मोठा तुकडा घ्यावा. तो सावकाश वितळतो आणि पेय लवकर पांचट होत नाही. काचेचे पेले नेऊ नयेत, स्टीलचे न्यावेत. सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून फळीवर अंथरला की त्यावरचे पेले सहसा सरकत नाहीत. रिकाम्या पोटी कोणीही पिऊ नये, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आधी वाढावी. दोन्ही कोरडी असल्यामुळे सांडलवंड होत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चढण्यापूर्वीच घ्यावी, आणि ती घेतली तर मद्य टाळावे.

आधी तासभर शिडावर फिरून घ्यावे, मग नांगर टाकल्यावरच पहिला पेला भरावा. परत निघताना सर्व पेले गोळा करून पिशवीत बांधावेत, मंडळींना लाइफ जॅकेट घालून खाली बसवावे, कारण दिशा बदलताना शिडाचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून फिरतो, आणि त्यानंतरच तांडेलाला नांगर उचलायला सांगावे.