ओळखीच्या शब्दांनी माझे चार महिने खाल्ले

ट्युनिशियाच्या राजकारणावर पीएचडीला नाव घातलं तेव्हा अरबी शब्दांची मला भीती वाटली नाही. मी परभणीची. हक्क, जुलूम, कायदा, मसुदा हे शब्द आपण रोजच बोलतो, शिवाय शेजारपाजारची उर्दू लहानपणापासून कानावर. त्याच भरवशावर फसले, म्हणून नव्यानं या विषयात येणाऱ्यांसाठी लिहितेय.

25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी घटनेच्या कलम 80 चा आधार घेऊन संसद गोठवली आणि पंतप्रधानांना पदावरून काढलं. त्या रात्री लोक आनंदानं रस्त्यावर आले होते. यावर कुणी काय भूमिका घेतली याचा मी तक्ता करत होते. मजकूर लांबलचक असायचे, म्हणून नुसता मथळा वाचून रकान्यात 'समर्थन' किंवा 'विरोध' लिहायचे. 'इन्किलाब' दिसला की समर्थन. इन्किलाब म्हणजे क्रांती, यात विचारायचं काय?

चार महिन्यांनी एका ट्युनिशियन विद्यार्थिनीला तक्ता दाखवला. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तर सईदच्या विरोधात आहेत." मग खालच्या ओळीवर. मग त्याच्याही खालच्या.

अरबीत इन्किलाब म्हणजे सत्ता बळकावणं. क्रांतीला 'थौरा' म्हणतात. 17 डिसेंबर 2010 ला ट्युनिशियातल्या सिदी बूझिद शहरात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्यानं स्वतःला पेटवून घेतलं, तिथून जे उसळलं ती थौरा. 2021 मध्ये जे झालं त्याला सईद यांचे विरोधक इन्किलाब म्हणतात आणि समर्थक 'तस्हीह', म्हणजे दुरुस्ती. इजिप्तमध्ये 2013 ला लष्करानं राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं तेव्हाही हेच: एकाच उलथापालथीला एक बाजू थौरा म्हणते, दुसरी इन्किलाब. माणूस कुठला शब्द उचलतो यावरूनच तो कुठं उभा आहे ते कळतं. माझ्या तक्त्यात नेमकं तेच उलटं पडलं होतं.

असे शब्द पुष्कळ आहेत. एन्नाहदा पक्षाचं अरबी नाव 'हरकत अन्नहदा'. यातली हरकत म्हणजे आक्षेप नव्हे, चळवळ. 'दौला' म्हणजे राज्यसंस्था, आपली दौलत नाही. 2011 च्या उठावातल्या घोषणेत लोकांना जो 'निझाम' पाडायचा होता तो म्हणजे राजवट. मराठवाड्याच्या माणसाला हा शब्द ऐकून दुसरंच काही आठवतं. कायद्याला तिथं 'कानून', आणि 'काइदा' म्हणजे पाया किंवा नियम. मसुदा मात्र इमानी निघाला, 'मुस्वद्दा' म्हणजे मसुदाच.

भाषांतराच्या ॲपनं इन्किलाबचा अर्थ बरोबर सांगितला असता. पण ओळखीचा शब्द कुणी शोधून बघत नाही, खरा धोका तिथं आहे. नुसत्या मथळ्यांवरून नोंदी करू नका. अजिबात नाही. आणि 'इंग्रजीतलं वाचलं तरी पुरतं' असं म्हणणारे मार्गदर्शक कितीही सज्जन असले, तरी अरबी येणारं दुसरं कुणीतरी पहिल्या वर्षीच शोधा. मी ते तिसऱ्या वर्षी केलं.

घाबरू मात्र नका. ट्युनिसला जायला पैसे नाहीत म्हणून काम अडत नाही. अरब बॅरोमीटरच्या 2006 पासूनच्या जनमत चाचण्यांची आकडेवारी फुकट मिळते. अल बौसला या ट्युनिशियन संस्थेनं घटना समितीच्या 217 सदस्यांच्या कामाच्या आणि मतदानाच्या नोंदी ठेवल्या. दोन वर्षं रोज तासभर बसलात तर अरबी वर्तमानपत्र वाचता येतं, मला येतं. मुलाखतींसाठी तिथली बोली, दारिजा, वेगळी शिकावी लागते. ती मी अजून शिकतेच आहे.

तक्ता पुन्हा भरायला सात आठवडे लागले. आता त्यात तिसरा रकाना आहे: समोरच्यानं वापरलेला शब्द, अरबी लिपीत, जसाच्या तसा. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच रकान्यावर लिहितेय.