खाटकांच्या यंत्रांच्या कारखान्यात लागताना

डिप्लोमा झाल्यावर मी खाटकांची यंत्रं बनवणाऱ्या एका घरगुती कारखान्यात लागलो. मालकांची तिसरी पिढी. पहिल्याच आठवड्यात मी खिमा मशीनचं पातं उलटं बसवलं. पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीला, म्हणजे खिमा बाहेर पडतो त्या भोकांच्या चकतीला, भिडायला हवी. माझी आतल्या स्क्रूकडे गेली. मांस कापलं जाईना, चेंगरून त्याचा लगदा बाहेर येऊ लागला. थोरले मालक रागावले नाहीत. त्यांनी जाळी उजेडात तिरपी धरून तिच्यावरचा झिजेचा गोल दाखवला. पातं आणि जाळी एकमेकांवर घासून जुळतात, म्हणून जोडी मोडायची नाही, हे त्या दिवशी कळलं.

नवीन मुलांना मी सांगतो, या धंद्याचा इतिहास आधी वाचा. माझ्या मते तो यंत्र समजून घ्यायचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. खाटकांची हत्यारं बनवणारं जर्मनीतलं डिक घराणं घ्या. १७७८ साली एस्लिंगेनमध्ये त्यांनी सुरुवात केली ती कानशी बनवण्यापासून. कानस म्हणजे पोलादावर ओळीनं पाडलेले दाते. सुरीला धार लावायला खाटीक कमरेला दांडा लावतो, त्याच्यावरही बारीक रेघाच असतात. हात बसलेला होता, गिऱ्हाईक नवं मिळालं. पुढे सुऱ्याही आल्या. रॉटरडॅमचा व्हान बर्केल तर स्वतःच खाटीक. हातानं पातळ काप काढून काढून तो कंटाळला आणि १८९८ मध्ये त्यानं चकतीसारख्या फिरत्या पात्याचं काप यंत्र बाजारात आणलं. मांस पुढेमागे सरकणाऱ्या पाटावर ठेवायचं, ही त्याची रचना काप यंत्रांत आजही दिसते.

गणित, ड्रॉइंग यायलाच हवं, त्यावर जास्त लिहीत नाही. पण निदान महिनाभर दुरुस्ती विभागात काढा. परत आलेलं मशीन उघडलं की चरबी कुठे अडकते, धुताना कुठला कोपरा सुटतो, ते नाकालाच कळतं. आमच्या एका मॉडेलचा आतला काटकोन गोल केला तो अशाच तक्रारीवरून.

मुलाखतीला गेलात तर सुट्या भागांचं कपाट बघायला मागा. जाळ्यांवर १२, २२, ३२ असे आकडे दिसतील. ते मिलिमीटर नव्हेत. ३२ नंबरची जाळी साधारण १०० मिलिमीटर व्यासाची असते. वीस वर्षांपूर्वीच्या मशीनची जाळी त्या कपाटात अजून मिळत असेल, तर तिथे खुशाल रुजू व्हा.