उपासनेआधीची तयारी
बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील ख्रिस्ती कुटुंबांनी रविवारच्या उपासनेची तयारी शनिवारी संध्याकाळीच, आणि तीही राहिलेल्या देण्याघेण्यापासून सुरू करावी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. म्हणून शेताच्या बांधावरून अबोला धरलेल्या भावाकडे स्वतः जावे, आपली चूक नेमक्या शब्दांत मान्य करावी आणि सरकवलेला बांध पूर्ववत करून द्यावा, कारण जमीन दाबून ठेवून मागितलेली क्षमा मला तरी क्षमा वाटत नाही. शेतात किंवा विड्या वळण्याच्या कामावर माणसे लावली असतील, तर त्यांची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. अडवून ठेवलेली मजुरीच ओरड करते, असे बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाचलेले धान्य गरजू घरी गाजावाजा न करता पोहोचवावे. शेजारी कन्नड बोलणारा असला, तरी दवाखान्यात त्याच्या सोबतीला रात्र काढताना भाषेचा वाद मनात आणू नये. आणि ज्या मराठी वृद्धांना कन्नडमधील सरकारी अर्ज वाचता येत नाहीत, त्यांना ते समजावून भरून द्यावेत.